गाडी बंद पडली नव्हती, मध्या

मध्या, तुझी गाडी एका किकमध्ये चालू झाली.

हे आधी सांगतो, बाकीचं मागाहून. कारण तू गेल्यापासून सगळे मला एकच गोष्ट ऐकवतायत. भर मे महिन्यात, माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापली, बंद पडली, बिचारा मधुकर ती ढकलत निघाला आणि रस्त्यातच गेला. तेराव्याच्या पंगतीत हेच. तुझ्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये हेच. ज्यांनी जन्मात कधी किक मारली नाही ते मला इंजिन समजावतायत. आणि ज्याने ती गाडी तुला बघून दिली, चालवून दिली, कान लावून आवाज ऐकून दिली, तो मी खाली मान घालून भात कालवतोय. मी खाली मान घालणारा माणूस आहे का? तूच सांग. माझी मान कायम वर, म्हणून तर तुझं माझं कधी पटलं नाही.

गाडी बंद पडली नव्हती. तू ती बंद केलीस. हे तुला माहीत होतं, मला माहीत आहे, आणि ज्या रिक्षावाल्याने तुला उचललं त्याला माहीत आहे. चौथ्या माणसाला सांगायची मात्र चोरी झाली.

आपण साडू. मोठी बहीण हिरा माझी बायको, धाकटी कुंदा तुझी. कल्याणला रेतीबंदरावर सासऱ्यांचं घर आणि त्या घराला दोन जावई, एक कोलशेतचा खाडीवरचा, एक डोंबिवलीचा कारखान्यातला. वयाने तू मोठा, मानाने मी मोठा. त्यामुळे मानाच्या माशाचं, जिताड्याचं डोकं कुणाच्या ताटात वाढायचं हा पेच सासूबाईंना पहिल्या दिवाळीपासून पडला. म्हातारी वस्ताद. ती दोन जिताडी आणायला लावायची, दोघांच्या ताटात एकेक डोकं घालायची आणि म्हणायची, "दोगांना डोकी दिलीन, आता भांडू नका." आपण डोकी खायचो आणि भांडायचो.

कशावरून भांडलो नाही आपण? सुकट भाजून चांगली का परतून. गणपती दीड दिवसाचा का पाच. टेंभी नाक्याची देवी बघायला आधी मी गेलेलो का तू. पण मरेपर्यंत पुरलं ते भांडण एकच, इंजिनाचं. आणि मरेपर्यंत म्हणजे खरंच मरेपर्यंत पुरेल असं मला वाटलं नव्हतं रे.

तुझंही बरोबर होतं, हे मी आधी कधी म्हटलं नाही. आताही म्हणत नाही. पण ते कुठून आलेलं ते मला कळत होतं. तू जन्मभर बॉयलरवर. काचेमागे काटा, काट्याच्या पुढे लाल रेघ. काटा रेघेकडे सरकला की बंद. कुणाला विचारायचं नाही, पुढचं बघायचं नाही. एकदा तू असाच बॉयलर बंद केलास, अख्खं खातं थांबलं, साहेब खाली येऊन तुला नाही नाही ते बोलला. मग उघडून बघितलं तर आतली नळी फुटायच्या बेतात. साहेबाने नंतर तुला चहा पाजला. तो चहा तू आम्हाला किती वेळा सांगितलास मध्या. हिरा तर तू तोंड उघडलंस की म्हणायची, आला चहा. त्या दिवसापासून तुझ्या डोक्यात बसलं की थांबणारा तो शहाणा.

आणि मी रेतीच्या बोटीवरचा. खाडीच्या मधोमध डिझेल इंजिन तापलं तर ते बंद करायचं नसतं. बंद केलंस की तू ओहोटीचा झालास. भरलेली बोट ती कुठे नेऊन आडवी करील, कुठल्या चिखलात रुतवील, सांगता येत नाही. तापलं तर जोर कमी करायचा, कान इंजिनाकडे ठेवायचा, पण चालू ठेवायचं आणि काठ गाठायचा. काठाला लागल्यावर काय ते लाड. मला दुसरं काही कुणी शिकवलं नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर घरी येऊन न्यायचा म्हणून.

असे दोघे. एकाला थांबायचं माहीत, एकाला न थांबायचं. आणि देवाने दोन बहिणी देऊन एका घरात आणून बसवले.

रिटायर झाल्यावर तुला गाडी हवी झाली. तुझा प्रशांत म्हणत होता, बाबा, स्कूटर घ्या. तू म्हणालास, गजा बघून देईल तीच घेईन. हे तू चारचौघांत म्हणालास, म्हणून मी जीव लावून गाडी शोधली. ढोकाळीच्या एका मास्तरची होती. शंभर सीसीची, कमी चाललेली, आवाज असा की खिशात घालून न्यावा. मी ती माजिवड्यावरून घोडबंदरला, तिथून परत कोलशेतला फिरवली, भर दुपारी, मुद्दाम ट्रॅफिकमध्ये. इंजिनावरून वाफा पायाला लागत होत्या. तशा लागतातच. पाण्याने थंड होणारी गाडी नाही ती, वाऱ्याने होणारी. गाडी उभी तर वारा नाही, वारा नाही तर तापणार. पुढे निघाली की पुन्हा ठीक. मी तुला हे सगळं सांगितलं. तू मान डोलावलीस. तुझी मान डोलायची तेव्हा तू ऐकत नसायचास, हे कुंदाला आणि मला पक्कं माहीत.

आणि मग तुला ते पिस्तूल मिळालं.

कोरोनात कपाळावर धरायचे तसलंच, पण कारखान्यातलं, जास्त उष्णता मोजणारं. प्रशांतने तुझ्या वाढदिवसाला मागवलं. बिचाऱ्याला वाटलं, बाबांना कामाची आठवण होते, खेळतील. तू खेळला नाहीस. तू कामावर रुजू झालास. दर सिग्नलला गाडी उभी केलीस की वाकून इंजिनावर पिस्तूल. शिळफाट्याला एका ट्रॅफिक हवालदाराने तुला बाजूला घेतलेलं, आठवतं? त्याला वाटलं म्हातारा कुणावर काय रोखतोय. तू त्याच्याच बुलेटचं इंजिन मोजून दिलंस आणि सांगितलंस, साहेब, बंद करा, एकशे चाळीस झालंय. तो हसला. त्याने बंद नाही केली. त्याचं पुढे काही झालं नाही, हे मी तुला दाखवून दिलं तर तू म्हणालास, तुला काय माहीत नंतर काय झालं ते.

माझ्या ओट्यावर आपला पहिला खटका उडाला. तू पिस्तूल माझ्या तोंडासमोर धरलंस.

"गजा, पाणी किती डिग्रीला उकळतं?"

"मला काय विचारतोस. घरात चहा तू करतोस."

"शंभरला. आणि हे बघ. एकशे अठरा."

"मग त्यात पाणी आहे कुठे?"

मी म्हटलं, आत ऑइल आहे. नाक्यावर वडे तळतात त्या तेलात बोट घालून बघ, ते शंभराच्या किती पुढे गेलेलं असतं. उकळून उडून जातं का? तू म्हणालास, इंजिन म्हणजे वडा नाही. मी म्हटलं, बॉयलरही नाही. हिराने दोघांच्या पुढ्यात ताक आणून आपटलं.

मी तुला कोलशेत नाक्यावरच्या मेकॅनिककडेही नेलं. तो तुझ्या मुलाच्या वयाचा, हात काळे, बोलायला नीट. म्हणाला, काका, उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये हेड सव्वाशेला जातं, दीडशेलाही जातं, नॉर्मल आहे. गाडीची ओढ कमी झाली, आत टकटक वाजायला लागलं, ऑइल जळल्याचा वास आला तर थांबा. नुसत्या आकड्याला थांबू नका. ऑइल वेळेवर बदला, पहिल्या गिअरमध्ये क्लच धरून रडवू नका, एवढंच. तू त्याचं सगळं ऐकून घेतलंस, त्याला नमस्कार केलास, आणि बाहेर आल्यावर म्हणालास, हा तुझ्याच गावचा ना?

त्यानंतर तू डोंबिवलीहून कुठेही निघालास की झाडं मोजत जायचास. एक आकडा तू मनात धरलेला, एकशे वीस. तो दिसला की गाडी बंद, झाड बघ, उभा राहा. झाड नसेल तर ढकल. एवढा धष्टपुष्ट माणूस, कारखान्यातून फुलं घालून निरोप दिलेला, आणि रस्त्याने चालू गाडी बंद करून ढकलत जातोय. मी एकदा मागे बसलेलो तेव्हा तू मलाही उतरवलंस. मी उतरून रिक्षा केली. तू ढकलत आलास. मी तुझ्या आधी पोचून तुझ्या वाटणीचंही खाल्लं.

आता ती हळद.

मेव्हण्याच्या पोराची, शिमग्याच्या आसपास. कल्याणला मांडव, बँजो, सगळं गाव. मोठा जावई म्हणून मी खुर्चीवर, धाकट्याची खुर्ची रिकामी. सगळे विचारतायत, मधुकरराव कुठे? तू आलास तेव्हा हळद लावून झालेली आणि जेवणं चाललेली. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, तोंड लाल. मी म्हटलं, काय रे, इंजिनाला फीट आली का? लोक हसले. तू पण हसशील असं मला वाटलं. रोजचंच होतं ते.

तू हसला नाहीस. तू सासरच्या माणसांसमोर, बायकांसमोर, माझ्या सुनेसमोर म्हणालास, "चौथी शिकलेल्या माणसाला आकडा दाखवून काय उपयोग."

मध्या, तुला माहीत होतं कुठे मारायचं ते. तू नेम धरून मारलंस. माझी सून शिक्षिका आहे. तिने पटकन दुसरीकडे बघितलं. तिने बघितलं असतं माझ्याकडे तर परवडलं असतं.

मी उठलो, ताट तसंच ठेवलं, हिराला उठवलं आणि घरी आलो. त्या दिवसापासून तुझ्याशी बोललो नाही. तूही नाही बोललास. कुंदाचे फोन हिराला यायचे, त्या दोघी हळू आवाजात बोलायच्या, मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. मला त्याचं आजही काही वाटत नाही. चूक तुझी होती. तू मेलास म्हणून ती माझी होत नाही.

मग त्या दुपारी प्रशांतचा फोन. काका, बाबा माजिवड्याला पडलेत, दवाखान्यात नेलंय, तुम्ही जवळ आहात, मी ऐरोलीहून निघतोय. मी पोचलो तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टर म्हणाला, ऊन लागलं, हृदयाने झेललं नाही. बाहेर बाकड्यावर तो रिक्षावाला बसलेला, तुझं हेल्मेट मांडीवर घेऊन. भाडं सोडून बसलेला माणूस. त्याने मला सांगितलं ते तुला सांगतो, कारण तू ते बघायला नव्हतास.

"काका, गाडी बंद नव्हती पडली. मी मागेच होतो. साकेतच्या पुलावरून उतरलो आणि सगळं जाम. त्यांनी वाकून इंजिनावर काहीतरी धरलं, पिस्तुलासारखं. बघितलं. चावी फिरवली. उतरले आणि ढकलायला लागले. मी म्हटलं बाबा, चालू करा ना, उन्हात कशाला. ते म्हणाले, तापलीय. हेल्मेट पण काढलं नाही त्यांनी."

मेट्रोच्या कामाला लावलेल्या पत्र्यांच्या कडेने तू ढकलत गेलास. तिथे झाड नाही. होतं ते कापलं. माजिवड्याच्या पुलाची सावली समोर दिसत होती म्हणे, तिथपर्यंत जायचा तुझा विचार असेल. पोचला नाहीस.

त्या रिक्षावाल्याला मी म्हटलं, हे कुणाला सांगू नकोस. का म्हटलं ते मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

दहाव्याला कळलं. घाटावरून आल्यावर कुंदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. सगळ्यांच्या देखत म्हणाली, "भावोजी, तुम्ही घेऊन दिलेली गाडी. तिने मधल्या रस्त्यात टाकलं त्यांना."

माझ्या जिभेवर आलेलं. अगं बाई, गाडीने नाही टाकलं, त्याने गाडी टाकली, धडधाकट चालणारी. मी वर बघितलं तर तिचा हात दाराच्या चौकटीवर, बोटं पांढरी पडलेली. ती त्या गाडीला धरून उभी होती, मध्या. गाडीवरचा राग काढून घेतला असता तर ती कुणावर रागावली असती? तुझ्यावर. तेरा दिवस व्हायच्या आत. मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा माझी बाजू खरी असताना मी गप्प बसलो, आणि तेही तुझ्यासाठी. हे तुला फुकट दिलेलं नाही, लक्षात ठेव.

हिराने त्या दिवशी आणखी एक सांगितलं. तू त्या दुपारी निघालेलास कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं, कुंदाशिवाय. कुंदाने तुला विचारलेलं, एवढ्या उन्हात कुठे? तू चपला घालताना म्हणालास, "गजाकडे. त्याला त्याच्या डोळ्यांनी आकडा दाखवून येतो."

म्हणजे तू माफी मागायला येत नव्हतास. भांडायला येत होतास.

बरं वाटलं मला. खरं सांगतो. माफी मागायला आला असतास तर मी दार उघडलं नसतं. भांडायला आला असतास तर हिराला ताक करायला लावलं असतं.

प्रशांत तेराव्यानंतर म्हणाला, काका, गाडी माजिवड्याच्या चौकीत आहे, तिथूनच भंगारात द्या, आईला ती दिसायला नको. पोरगा चांगला आहे तुझा. मला बाजूला घेऊन म्हणाला, गाडीला काही झालेलं नसेल हे मला कळतं, पण आईशी वाद नको. त्याला सगळं कळतं. तुझ्यासारखा नाही तो.

रिक्षावाल्याने दिलेलं तुझं हेल्मेट घेऊन मी चौकीत गेलो. गाडी झाडाखाली उभी होती. हवालदाराला तेवढी अक्कल होती, बघ. सीटवर पानं, टाकीवर कावळ्याचं. मी फडक्याने पुसली, पेट्रोलचा कॉक उघडला आणि किक मारली. एकच. लागलीच बोलायला लागली, तोच आवाज, खिशात घालून न्यावा असा.

तिथून भंगारवाला डाव्या हाताला होता. मी उजवीकडे वळलो.

मला डोंबिवलीला जायचं होतं. तुझ्या दारात, भर दुपारी, ह्याच गाडीवर बसून, न थांबता. कुंदाने गॅलरीतून बघायला हवं होतं. सगळ्या बिल्डिंगने बघायला हवं होतं, त्या लिफ्टमधल्यांनी तर नक्की. मी गप्प बसलेलो खरा, पण गाडी बोलली तर माझा इलाज नाही, असं मी मनाशी म्हटलं. मला माझं नाव धुऊन घ्यायचं होतं. त्यात लाज कसली?

साकेतच्या पुलाच्या अलीकडे जाम लागला. तुझाच जाम, फक्त पलीकडच्या बाजूचा. पत्रे, कंटेनर, मागे हॉर्न. गाडी पहिल्या गिअरवर दोन हात सरकते आणि उभी राहते. मांडीला आच लागायला लागली. शेजारच्या बाईकवाल्याचं घड्याळ चमकत होतं तेसुद्धा डोळ्यांना सोसवेना. मी कान इंजिनाकडे ठेवला. टकटक नाही, वास नाही, ओढ होती तशी. मग मी डिकीतून तुझं पिस्तूल काढलं.

एकशे एकतीस.

तू असतास तर ह्याच्या कितीतरी आधी उतरला असतास. मी उतरलो नाही. मी पिस्तूल रस्त्यावर धरलं, डांबरावर, मग टाकीवर, मग हँडलला अडकवलेल्या तुझ्या काळ्या हेल्मेटवर. हेल्मेट साठच्या वर. मी परत धरलं. साठच्या वर.

मध्या, लोखंडाला एकशे एकतीस काही नाही रे. ते त्यासाठीच ओतलेलं असतं. माणसाचं नॉर्मल किती ते कोरोनात गल्लीतल्या पोरांनाही पाठ झालेलं. एवढी वर्षं तू ते पिस्तूल सगळ्यांवर धरलंस, हवालदाराच्या बुलेटवर, माझ्या ओट्यावर, कुंदाच्या कुकरवर. स्वतःच्या डोक्याकडे एकदा वळवलं असतंस तर. एकदा. काटा लाल रेघेच्या पुढे कधीच गेलेला, आणि बॉयलरवाला ढकलतोय.

मी हेल्मेट घातलं आणि पुढे निघालो. खारेगाव, माणकोली, मग तो मोठागावचा नवा पूल. पुलावर खाडीचा वारा लागला आणि गाडी अशी हलकी झाली की तू मागे बसलेला असतास तरी तुला कळलं असतं. कुठेही थांबलो नाही. तुझ्या गेटात शिरलो तेव्हा इंजिन लाल व्हायचं बाकी होतं आणि चालू होतं. मी दोनदा हॉर्न वाजवला. गॅलरीत कुंदा होती, दोरीवरचे कपडे काढत. तिने खाली बघितलं. एक कपडा तिच्या हातातून सुटला आणि खालच्यांच्या गजावर जाऊन अडकला.

मी गाडी बंद केली आणि वर गेलो. जिन्यानेच गेलो. वाक्य तयार होतं, बघ कुंदा, चालते.

तिने दार उघडलं. मला पाणी दिलं. तू बसायचास त्या खुर्चीवर बसायला सांगितलं, मी दुसरीवर बसलो. तुझ्या फोटोला हार नव्हता, नुसतं एक फूल. ती समोर बसली आणि हात मांडीवर घेऊन म्हणाली, "वाटेत बंद पडली ना?"

असं विचारलं तिने की नाही म्हणायला जागा नव्हती. बाई हो ऐकायला बसलेली. तेवढं ऐकलं की तिचं पुढचं आयुष्य जरा सरळ जाणार होतं. मी तुझ्या फोटोकडे बघितलं. तू नेहमीसारखा मान डोलावल्यासारखा.

"पडली," मी म्हटलं. "माजिवड्याला. तिथेच."

"मग?"

"ढकलली थोडी. मग झाली चालू."

तिने माझ्याकडे बघितलं. वेळ घेऊन बघितलं, वरून खालपर्यंत. मग म्हणाली, "भावोजी, ढकलत आलेला माणूस कसा दिसतो ते मी बघितलंय."

ग्लास रिकामा झालेला, तरी मी तो तोंडाला लावला.

ती आत गेली. स्वयंपाकघरात गॅसचा आवाज आला. आतूनच म्हणाली, "त्यांनीच बंद केली ना?" मी ग्लास खाली ठेवला. "वाटलंच मला. ह्या घरात दूध कधी उतू गेलं नाही. वर येतंय म्हटलं की ह्यांचा हात गॅसवर. कितीदा नासलं, नीट न तापल्यामुळे. मी ओरडायची. म्हणायचे, उतू गेल्यापेक्षा बरं." मग म्हणाली, "मला माहीतच होतं, भावोजी. पण तेरा दिवस मला कुणीतरी हवं होतं."

ते कुणीतरी मी होतो. ठीक आहे. मला विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं का, माहीत नाही. बहुतेक नसतं म्हटलं.

तिने चहा आणला. दूध उतू गेल्याचा वास सगळ्या घरात पसरलेला. शेगडी पुसायला ती उठली नाही. निघताना म्हणाली, गाडी तुम्ही ठेवा, भंगारात नको. मी म्हटलं, बरं. जिन्यात आल्यावर रडलो का नाही हे तुला सांगणार नाही.

गाडी आता माझ्या ओट्यासमोर उभी असते. मी रोज दुपारी काढतो, मुद्दाम. हिरा शिव्या घालते, ऊन बघा म्हणते. टोपी घालतो, पाण्याची बाटली घेतो, झाड दिसलं की मी थांबतो, इंजिनासाठी नाही, माझ्यासाठी. हे तुझ्यामुळे शिकलो असं म्हणणार नव्हतो, लिहून बसलो, राहू दे.

परत आल्यावर बंद केली की ती थंड होता होता आतून वाजते, टिक, टिक, टिक. तू म्हणायचास, ऐक, दमलीय बिचारी. मी म्हणायचो, दमायला ती काय म्हैस आहे, लोखंड आहे, आकसतंय. आजही मी मोठ्याने तेच म्हटलं. हिरा आतून म्हणाली, कोणाशी बोलताय?

एकशे बावीस आहे आज, मध्या. नॉर्मल आहे. ये आणि बंद करून दाखव.